फाल्गुनातील समुद्र आणि वर्ध्याची गारपीट

वर्धा : वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर नावाचा तालुका आहे, समुद्र मात्र नाही. सरळ रेषेत मोजले असता पश्चिमेकडील अरबी समुद्राचा किनारा आणि आग्नेयेकडील बंगालच्या उपसागराचा किनारा हे दोन्ही वर्धा शहरापासून सुमारे सहाशे किलोमीटर दूर आहेत. जिल्ह्यातील शेतकऱ्याने भरती-ओहोटीचा विचार करण्याचे त्यामुळे काही कारण नाही, असेच कोणालाही वाटेल. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये सोंगणीला आलेल्या हरभऱ्यावर आणि ओंबीत दाणा भरलेल्या गव्हावर जो अवकाळी पाऊस कोसळतो, त्याचे बाष्प प्रामुख्याने याच दोन समुद्रांकडून येते. वर्ध्यातील गारपिटीचे मूळ शोधू गेल्यास ते फाल्गुनातील समुद्रापर्यंत जाऊन पोहोचते. म्हणूनच या ऋतूत समुद्राची स्थिती कशी असते, तेथील बाष्प सहाशे किलोमीटर आत कसे शिरते आणि त्याची चाहूल आधी कशी घेता येते, हे जाणून घेणे जिल्ह्याच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

किनाऱ्यावरचा फाल्गुन

वर्षभरात समुद्र सर्वाधिक शांत असतो तो याच काळात. पावसाळ्यात तीन-चार मीटर आणि त्याहूनही उंच उसळणाऱ्या अरबी समुद्राच्या लाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकण किनाऱ्याजवळ साधारणतः एक मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतात. चक्रीवादळांच्या दृष्टीनेही हे दोन महिने वर्षातील सर्वात निर्धोक मानले जातात. पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावरील बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. त्यामुळे फाल्गुनात दोन्ही किनाऱ्यांवरील होड्या पाण्यात असतात.

या दिवसांत किनाऱ्यावरील वाऱ्याचे वेळापत्रक ठरलेले असते. सकाळी ऊन चढू लागले की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि दुपारपर्यंत समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहू लागतात. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटेपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. शाळेच्या भूगोलात शिकलेला हा खेळ फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वात स्पष्ट दिसतो, कारण या काळात आकाश निरभ्र असते आणि मोठ्या प्रमाणावरील वारे मंद असतात.

शांत समुद्रातही अपवाद असतात. इराणचे आखात व अरबस्तानाच्या बाजूला हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी 'शमाल' नावाचे जोरदार वायव्य वारे वाहतात. त्यांनी उठविलेल्या लाटा हजारहून अधिक किलोमीटरचे अंतर कापून गोवा-कोकणापर्यंत पोहोचतात. स्थानिक वारा पडलेला असतानाही समुद्र अचानक हलू लागतो, तो या परक्या लाटांमुळे. दुसरा अपवाद भरतीचा. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची. २०-२१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो, त्यामुळे त्या दिवसांतील उधाण अधिक मोठे असते. लाटा, वारे व प्रवाह यांचा अंदाज हैदराबाद येथील 'इन्कॉइस' या नावाने ओळखले जाणारे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देते. ही संस्था १९९९ मध्ये स्थापन झाली.

कोरडी हवा आणि कडक ऊन यांमुळे किनाऱ्यावर हा मिठागरांचाही हंगाम असतो. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेली महात्मा गांधींची पदयात्रा याच ऋतूत दांडीच्या किनाऱ्यावर पोहोचली आणि ६ एप्रिलला मिठाचा कायदा मोडला गेला. वर्ध्याचे जमनालाल बजाज त्या वेळी मुंबईजवळ विलेपार्ले येथील सत्याग्रहींच्या छावणीचे नेतृत्व करीत होते. जो अवकाळी पाऊस वर्ध्याचा हरभरा भिजवितो, तोच किनाऱ्यावर आला तर वाफ्यांत तयार होत असलेले मीठ विरघळवितो.

वाऱ्याची दिशा पालटते तेव्हा

खारे वारे वर्ध्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्यांची धाव किनाऱ्यापासून काही दशक किलोमीटरपर्यंतच असते आणि पश्चिमेला सह्याद्री त्यांना अडवितो. फेब्रुवारीत जिल्ह्यात सामान्यतः उत्तर व ईशान्येकडून कोरडे वारे वाहतात. रात्री थंड, दुपारी उबदार आणि आकाश स्वच्छ, हे या दिवसांचे नेहमीचे रूप होय. जिल्ह्याच्या वार्षिक सुमारे एक हजार मिलिमीटर पावसापैकी बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. फेब्रुवारी-मार्चचा वाटा अगदी अल्प असतो.

ही घडी विस्कटते ती दोन घटना एकाच वेळी जुळून आल्यावर. पहिली घटना बंगालच्या उपसागरात घडते. ओडिशा-आंध्र किनाऱ्यालगतच्या समुद्रावर हवेच्या अधिक दाबाचे क्षेत्र, म्हणजे प्रत्यावर्त, स्थिरावते. उत्तर गोलार्धात प्रत्यावर्ताभोवती वारे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. त्यामुळे त्याच्या पश्चिम कडेचे वारे समुद्रावरून बाष्प उचलून दक्षिण व आग्नेय दिशेने तेलंगणमार्गे चंद्रपूर, यवतमाळ आणि वर्ध्याकडे येतात. कधी अरबी समुद्रावरूनही नैऋत्येकडून बाष्पाचा असाच पुरवठा होतो. हे बाष्प खाऱ्या वाऱ्याप्रमाणे जमिनीलगत न राहता एक-दीड किलोमीटर उंचीपर्यंतच्या थरातून प्रवास करीत असल्याने डोंगर आणि अंतर यांचा अडसर त्याला फारसा जाणवत नाही. दोन समुद्रांपासून जवळपास सारख्याच अंतरावर असलेल्या वर्ध्याला दोन्हीकडील बाष्प मिळू शकते. मात्र विदर्भासाठी उपसागराचा वाटा बहुधा मोठा ठरतो.

दुसरी घटना बरीच वर घडते. भूमध्य समुद्राकडून निघणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात हिमालयाकडे सरकतात आणि तेथे हिमवृष्टी घडवितात. त्यांच्यासोबत उंचावरील पश्चिमी वाऱ्यांत द्रोणिका तयार होते. ती नेहमी उत्तरेकडेच राहते. कधी कधी मात्र ती खोल होऊन मध्य भारतापर्यंत, प्रसंगी त्याहूनही दक्षिणेस उतरते आणि वरच्या थरात अतिथंड हवा आणते. खाली समुद्रावरून आलेली दमट हवा, मार्चच्या उन्हाने तापलेली जमीन आणि वर थंड हवा असा संयोग झाला की वातावरण अस्थिर बनते. दुपारनंतर ढग झपाट्याने वर चढतात आणि सायंकाळच्या सुमारास वीज, वादळी वारा, पाऊस व गारा यांचा मारा सुरू होतो.

गार का पडते, पावसाळ्यात का नाही

पावसाळ्यात ढग याहून अधिक असतात, बाष्पही कितीतरी पटीने अधिक असते. तरी तेव्हा गारा क्वचितच पडतात. याचे उत्तर शून्य अंश तापमानाच्या पातळीत आहे. पावसाळ्यात ही पातळी जमिनीपासून सुमारे साडेपाच किलोमीटर उंचीवर असते. ढगात गार तयार झाली तरी खाली येताना तिला उबदार हवेचा मोठा थर ओलांडावा लागतो आणि ती वितळून तिचे पाणी होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही पातळी सुमारे चार किलोमीटरपर्यंत खाली असते. अंतर कमी असल्याने गार न वितळता जमिनीवर पोहोचते.

गारेचा आकार ढगातील वर जाणाऱ्या प्रवाहाच्या जोरावर ठरतो. शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब बर्फाच्या कणाला चिकटतात व तो कण मोठा होत जातो. वरचा प्रवाह जितका प्रबळ, तितका काळ तो कण ढगात तोलला जातो. प्रवाहाला त्याचे वजन पेलेनासे झाले की गार खाली येते. गारपिटीचा पट्टा सहसा अरुंद असतो. एका शिवारात पीक झोडपले जाते आणि लगतच्या शिवारात केवळ शिंतोडे पडतात, याचे कारण हेच.

स्मरणातील वर्षे

या प्रक्रियेचे सर्वात भीषण रूप महाराष्ट्राने २०१४ मध्ये पाहिले. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत सुमारे दोन आठवडे राज्याच्या विविध भागांत पुनःपुन्हा गारपीट झाली. पश्चिमी वाऱ्यांची द्रोणिका नेहमीपेक्षा बरीच दक्षिणेस उतरून राहिली आणि दोन्ही समुद्रांकडून बाष्प येत राहिले. एरवी एक-दोन दिवसांत ओसरणारे संकट त्यामुळे लांबले. विदर्भ, मराठवाडा, मध्य महाराष्ट्र असा कोणताही विभाग सुटला नाही. उभी पिके, फळबागा, जनावरे आणि पक्षी यांची मोठी हानी झाली, मनुष्यहानीही झाली.

फेब्रुवारी २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात मराठवाडा व विदर्भात गारांनी रब्बी पिके झोपविली. मार्च २०२३ च्या मध्यास राज्यभर अवकाळी पाऊस व गारपीट झाली. त्याच वेळी जुन्या निवृत्तिवेतनाच्या मागणीसाठी शासकीय कर्मचाऱ्यांचा संप सुरू असल्याने पंचनाम्यांचा प्रश्न अधिक बिकट झाला. फेब्रुवारी २०२४ मध्येही विदर्भाच्या काही भागांना गारपिटीचा तडाखा बसला. दरवर्षी गारपीट होतेच असे नाही, परंतु ती आता अनोळखीही राहिलेली नाही.

जिल्ह्यात काय पणाला लागते

फेब्रुवारी-मार्च हा वर्ध्यातील शेतकऱ्यासाठी पीक घरात येण्याचा काळ असतो. पेरणीनंतर पाऊस चुकला तर दुबार पेरणीचा तरी मार्ग असतो. सोंगणीच्या वेळी आलेल्या पावसावर असा कोणताही उपाय नसतो. खर्च पूर्ण झालेला असतो आणि हंगाम संपत आलेला असतो.

हरभरा सोंगून शेतात ढीग लावलेले असतात. ते भिजले की दाणा काळवंडतो व भाव पडतो. उभ्या हरभऱ्यावर गारा पडल्यास घाटे फुटतात व गळतात. गहू वाऱ्याने लोळतो आणि भिजलेल्या दाण्याची चकाकी जाते. बाजार समित्यांच्या आवारात उघड्यावर पडलेल्या शेतमालालाही भिजण्याचा धोका असतोच.

आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांतील संत्राबागांची अडचण दुहेरी आहे. जून-जुलैमध्ये फुललेल्या मृग बहाराची फळे या वेळी तोडणीला आलेली असतात, तर जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या आंबिया बहाराची फळे नुकतीच धरू लागलेली असतात. एकाच गारपिटीत चालू हंगामाची तयार फळे डागाळतात आणि पुढच्या हंगामाची कोवळी फळे गळतात.

समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद भौगोलिक मानांकनामुळे सर्वदूर परिचित झाली आहे. तिची काढणीही याच दिवसांत होते. काढलेली हळद शिजवून दहा ते पंधरा दिवस उन्हात वाळवावी लागते. या काळात पाऊस आला तर वाळत घातलेली हळद भिजते, तिचा रंग उतरतो आणि बुरशीचा धोका निर्माण होतो. ज्या तालुक्याच्या केवळ नावात समुद्र आहे, तेथील अंगणात वाळणारी हळद अशा रीतीने खऱ्या समुद्रावरील वाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असते.

अंदाजातील शब्दांचा अर्थ

विदर्भासाठीचे अंदाज व इशारे भारतीय हवामान विभागाच्या नागपूर येथील प्रादेशिक हवामान केंद्राकडून प्रसृत केले जातात. हे अंदाज ठराविक शब्दांत असतात आणि त्या प्रत्येक शब्दाला निश्चित अर्थ असतो. तो ठाऊक नसल्यास 'अंदाज चुकला' असा समज होण्याची शक्यता असते.

तुरळक ठिकाणी : त्या क्षेत्रातील १ ते २५ टक्के केंद्रांवर पावसाची शक्यता.

काही ठिकाणी : २६ ते ५० टक्के केंद्रांवर.

बऱ्याच ठिकाणी : ५१ ते ७५ टक्के केंद्रांवर.

बहुतेक ठिकाणी : ७६ टक्के किंवा त्याहून अधिक केंद्रांवर.

पिवळा इशारा : परिस्थितीवर लक्ष ठेवा.

नारिंगी इशारा : तयारीत राहा.

लाल इशारा : तातडीने कृती करा.

द्रोणिका : कमी दाबाचा लांबट पट्टा. 'विदर्भापासून दक्षिणेकडे द्रोणिका' असे वाचावयास मिळाले, तर समुद्रावरील बाष्प आत येण्यास वाट मिळाली आहे असे समजावे.

वाऱ्यांची खंडितता : दोन भिन्न दिशांचे वारे जेथे एकमेकांना भेटतात ती रेषा. तिच्या आसपास ढग वाढतात.

'तुरळक ठिकाणी गारपीट' असा इशारा असताना आपल्या गावी गार पडली नाही, तर अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. गारपिटीची शक्यता तीन ते पाच दिवस आधी, तीही मोठ्या क्षेत्रासाठी सांगता येते. ती नेमक्या कोणत्या गावी पडणार हे इतक्या आधी सांगणे आजही शक्य नाही. नागपूर येथील डॉप्लर रडारवर ढग दिसू लागल्यानंतर पुढील तीन तासांसाठी तातडीचा इशारा देण्यात येतो. शेतकऱ्याच्या हाती प्रत्यक्षात उरतात ते हेच तीन तास.

विजांच्या धोक्यासाठी पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' हे भ्रमणध्वनी उपयोजन तयार केले आहे. आपल्या परिसरात २० ते ४० किलोमीटरच्या आत वीज पडण्याची शक्यता असल्यास त्यावर सूचना मिळते. शेतीसाठीचा हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध केला जातो. तो 'मेघदूत' या उपयोजनावरही पाहता येतो.

यंत्राखेरीज काही खुणा शेतात उभे राहूनही दिसतात. फेब्रुवारीची रात्र अचानक उबदार होणे, उत्तरेचा कोरडा वारा थांबून दक्षिण वा आग्नेयेकडून दमट वारा सुरू होणे, सकाळी हवेत ओलावा जाणवणे आणि दुपारपर्यंत कोबीच्या गड्ड्यासारखे ढग वर चढू लागणे, या त्या खुणा होत. त्यांतील एखादी दिसली म्हणून गारपीट होईलच असे नाही. मात्र त्या एकत्र आल्या आणि हवामान विभागाचा इशाराही असेल, तर कामाचा क्रम बदलणे शहाणपणाचे ठरते.

तीन तासांत करता येण्याजोगे

इशारा मिळाल्यावर नवी सोंगणी हाती न घेता आधी सोंगलेला माल सुरक्षित करावा. हरभरा व गव्हाचे ढीग उंच जागी, लाकडे किंवा दगड यांच्या आधारावर रचून ताडपत्रीने झाकावेत. ताडपत्रीच्या कडा दोरीने वा दगडांनी दाबाव्यात, कारण पावसाआधी वारा येतो. वाळत घातलेली हळद गोळा करून छपराखाली न्यावी. काढणीयोग्य संत्री शक्य तेवढी उतरवून घ्यावीत. फवारणी व खत देणे पुढे ढकलावे.

जनावरे झाडाखाली बांधू नयेत. विजांचा कडकडाट सुरू झाल्यावर माणसांनीही एकाकी झाड, विजेचा खांब, लोखंडी कुंपण आणि विहिरीचा काठ यांपासून दूर राहावे. पक्के घर जवळ नसल्यास सखल जागी पाय जवळ घेऊन, डोके खाली करून बसावे. जमिनीवर आडवे पडू नये. पीक झाकण्याच्या घाईत शेवटच्या क्षणापर्यंत उघड्या शेतात थांबणे जिवावर बेतू शकते.

गारपीट राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत समाविष्ट आहे. २०१५ पासून किमान ३३ टक्के पीकहानी झाल्यास मदत मिळू शकते. त्यापूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. महसूल, कृषी व ग्रामविकास विभागांच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी संयुक्तपणे केलेला पंचनामा हा या मदतीचा आधार असतो. त्यामुळे नुकसान झाल्यावर विलंब न लावता गावपातळीवर माहिती द्यावी आणि शेत साफ करण्यापूर्वी छायाचित्रे काढून ठेवावीत.

तापणारा समुद्र

गेल्या काही दशकांत अरबी समुद्र व बंगालचा उपसागर या दोन्हींच्या पृष्ठभागाचे तापमान वाढले आहे. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. याचा अर्थ गारपीट त्याच प्रमाणात वाढेल असा होत नाही. गारेसाठी बाष्पाइतकीच वरच्या थंड हवेची आणि शून्य अंशाच्या पातळीची गरज असते, आणि हवा तापली की ती पातळीही वर सरकते. मात्र वरची द्रोणिका खाली उतरलीच, तर तिला समुद्राकडून मिळणारे बाष्प पूर्वीपेक्षा अधिक असू शकते.

पावसाळ्याच्या तोंडावर अंदमानात मोसमी वारे कधी पोहोचले, केरळात कधी आले, याची विचारणा जिल्ह्यातील प्रत्येक गावात होते. फाल्गुनातील समुद्राची तशी विचारणा कोणी करीत नाही. उपसागरावर प्रत्यावर्त बसला आहे काय, वारा आग्नेयेचा झाला आहे काय आणि उत्तरेकडून द्रोणिका खाली येते आहे काय, हे तीन प्रश्न फेब्रुवारी-मार्चमध्ये रोजच्या हवामानवृत्तात शोधण्याची सवय लागली, तर ढिगावर ताडपत्री पडण्यास उशीर होणार नाही. आलेली गार थांबविणे कोणाच्या हाती नाही. ती येण्यापूर्वी सोंगलेला हरभरा झाकणे मात्र शक्य आहे.